पंचवीस वर्षांची खिट्टी

घरात मोठे अजगर पाळणाऱ्या आणि पाळण्याचा विचार करणाऱ्या सर्व हौशी मंडळींस,



तुमच्याशी या विषयावर बोलायला गेले की बहुधा भांडण होते आणि ते लवकर संपते. सापाचे नाव काढताच अंगावर काटा येणारी माणसे एका बाजूने ओरडतात. दुसऱ्या बाजूने तुम्ही सांगता, की आमचा प्राणी बिनविषारी आहे, शांत आहे, पिल्लू असल्यापासून हाताळलेला आहे. पुढे कोणी कोणाचे ऐकत नाही. म्हणून आधीच मान्य करून टाकते की तुमची ही तिन्ही विधाने बहुतेक वेळा खरी असतात. अजगराला विष नसते. पुष्कळसे पाळीव अजगर वर्षानुवर्षे कोणाला दुखापत करत नाहीत. तुमच्यापैकी अनेकांनी या प्राण्याविषयी जितके वाचले आहे तितके त्याला घाबरणाऱ्यांनी कधीच वाचलेले नसते. माझी तक्रार तुमच्या प्राण्याच्या स्वभावाविषयी नाहीच. बर्मी अजगर, जाळीदार अजगर किंवा आफ्रिकेतला रॉक पायथन हे प्राणी माणसाच्या देखरेखीत वीस-पंचवीस वर्षे जगतात. एवढा काळ एकही चूक न करता त्यांना कोंडून ठेवणे एका सामान्य घराला जमते का, आणि जमले नाही तर त्याची किंमत कोण मोजतो, एवढेच मला विचारायचे आहे. या प्रश्नाला तुमच्याकडून सरळ उत्तर मिळत नाही, म्हणून हे पत्र.

अजगर या शब्दाचा अर्थ शेळी गिळणारा असा आहे. शब्द घडवणाऱ्यांना हा प्राणी काय करतो हे पक्के ठाऊक होते. पुढे मात्र आपल्या बोलण्यात तो निव्वळ आळसाचे प्रतीक झाला. दिवसभर लोळणाऱ्या माणसाला आपण अजगर म्हणतो. हाच गैरसमज थोडे रूप बदलून तुमच्या छंदातही शिरला आहे. तासन्‌तास न हलणारा प्राणी तुम्हाला माणसाळलेला वाटतो. दबा धरून शिकार करणाऱ्या प्राण्याचे न हलणे हा त्याच्या शिकारीचाच भाग असतो. त्याच्या ओठांवर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात, त्यामुळे अंधारातही उबदार शरीर नेमके कुठे आहे हे त्याला कळते. दात आत वळलेले असल्याने एकदा धरलेले सुटत नाही. विळख्याने जीव गुदमरतो असे आपण वर्षानुवर्षे समजत आलो, पण बोआ जातीच्या सापांवर अमेरिकेत झालेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की विळखा बसताच उंदराचा रक्तदाब काही सेकंदांत निम्म्याच्या आसपास येतो आणि रक्ताभिसरणच कोलमडते. श्वास कोंडण्याच्या आधीच शुद्ध हरपण्याची वेळ येते. भुंकणे, गुरगुरणे, केस उभे राहणे असली कोणतीही आगाऊ सूचना भक्ष्य समजून झडप घालणारा अजगर देत नाही. हा त्याचा दुष्टपणा मुळीच नाही. ऊब आणि वास या दोन खुणा जुळल्या की त्याचे शरीर ठरलेले काम करते, आणि घरात पोसले म्हणून त्या शरीरात बदल होत नाही. कुत्र्याला माणसाळवायला हजारो वर्षे आणि असंख्य पिढ्या लागल्या. तुमच्या पेटीतला अजगर रानातल्या अजगरापासून जेमतेम काही पिढ्या दूर आहे, आणि त्या पिढ्यांत निवड झाली ती रंगाची. स्वभावाची झालेली नाही.

यातली सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे त्याचे वाढणे. बर्मी अजगराचे नुकते अंड्यातून निघालेले पिल्लू अर्धा-पाऊण मीटर लांबीचे असते, बोटाएवढ्या जाडीचे. ते मनगटाभोवती गुंडाळून बसते आणि विकत घेणारा त्याच क्षणी भुलतो. चांगले खायला घातले तर दोन-तीन वर्षांत ते अडीच-तीन मीटरचे होते आणि पूर्ण वाढलेली मादी चार-पाच मीटरपर्यंत जाते. जाळीदार अजगर त्याहून लांब होतो. म्हणजे घेताना जो निर्णय होतो तो एका प्राण्याविषयी, आणि निभवावा लागतो तो दुसऱ्याच प्राण्याबरोबर. घेणारा विशीतला असेल तर मधल्या काळात त्याचे शिक्षण संपते, नोकरी बदलते, गाव बदलते, लग्न होते, घरात रांगणारे मूल येते, आईवडील थकतात. अजगराची गरज मात्र दर आठवड्याला तीच राहते आणि पेटी मोठी होत जाते. ज्या दिवशी घरातल्या माणसांचे सगळे लक्ष दुसरीकडे असते, त्या दिवशीही खिट्टी तितकीच नीट बसायला हवी असते.

2009 च्या जुलै महिन्यात फ्लोरिडातल्या सम्टर परगण्यात दोन वर्षांची एक मुलगी तिच्या पाळण्यात मेली. घरातला बर्मी अजगर रात्री पेटीतून बाहेर पडला होता. तो साडेआठ फुटांचा होता, म्हणजे या जातीत मोठाही म्हणता येणार नाही. पेटीला कुलूप लागेल असे झाकण नव्हते, वर गोधडी टाकलेली होती. प्राणी नीट पोसलेला नव्हता. घरातल्या दोघा मोठ्या माणसांना 2011 मध्ये न्यायालयाने दोषी ठरवले आणि बारा-बारा वर्षांची शिक्षा दिली. हे प्रकरण तुमच्यापुढे ठेवले की तुम्ही म्हणता, ती माणसे बेजबाबदार होती, त्यांच्याकडे परवानासुद्धा नव्हता, खरा जाणकार असे कधी करणार नाही. ठीक आहे, जाणकाराचेच प्रकरण घेऊ.

2013 च्या ऑगस्टमध्ये कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतात, कॅम्पबेल्टन गावी, सहा आणि चार वर्षांचे दोन भाऊ मित्राच्या घरी रात्री राहायला गेले होते. घर एका सरपटणाऱ्या प्राण्यांच्या दुकानाच्या वर होते आणि घरमालक त्या व्यवसायात मुरलेला माणूस होता. गोधडी टाकलेली पेटी तिथे नव्हती. आफ्रिकी रॉक पायथनसाठी खास कोठडी केलेली होती. तिच्या वरच्या बाजूला हवेच्या नळीचे तोंड होते आणि त्यावरचे झाकण जागेवर राहिले नाही. सुमारे चार मीटर लांब आणि चोवीस किलो वजनाचा तो साप नळीत शिरला आणि मुले झोपली होती त्या खोलीच्या छतातून खाली आला. दोन्ही मुले गेली. मालकावर निष्काळजीपणाचा खटला चालला आणि 2016 मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले. त्या निकालाविरुद्ध मला काही म्हणायचे नाही. उलट माझा सगळा मुद्दा त्या निकालातच आहे. ज्याला निष्काळजीपणाचा गुन्हा म्हणता येईल असे ज्यूरीला काही आढळले नाही. माणूस अनुभवी होता, कोठडी होती, जे झाले ते घराघरांत होते तेवढ्याच आकाराचे दुर्लक्ष होते. गॅसचा नळ चालू राहतो, खिडकी उघडी राहते, टाकीचे झाकण सरकते, तितकेच. सामान्य माणसाच्या सामान्य विसराळूपणाचा परिणाम दोन मुलांच्या जिवापर्यंत जातो अशी वस्तू घरात असावी का, याचे उत्तर मालक गुन्हेगार होता की नव्हता यावर अवलंबून नाही.

आणि अनुभवाने मालक तरी वाचतो का? इंग्लंडमधल्या हॅम्पशायर परगण्यात 2017 मध्ये एकतीस वर्षांचा एक तरुण त्याच्याच आफ्रिकी अजगरामुळे मेला. त्याला सापांची सवय होती आणि अजगर जेमतेम आठ फुटांचा होता. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात 2022 मध्ये गळ्याला विळखा बसलेल्या मालकाला सोडवण्यासाठी पोलिसांना सापावर गोळी झाडावी लागली, आणि तरीही तो माणूस पुढे दगावला. लक्षात घ्या, एकट्या माणसाला जड अजगराचा विळखा सोडवता येत नाही. जाणकार पाळणारेच सांगत आले आहेत की मोठा साप हाताळताना दुसरे मोठे माणूस जवळ असलेच पाहिजे. मग पंचवीस वर्षे, प्रत्येक वेळी, दुसरे माणूस हजर राहील अशी व्यवस्था तुमच्यापैकी किती घरांत आहे?

यावर तुमचा सर्वांत वजनदार आक्षेप येतो, आणि त्याला बगल देणे योग्य नाही. तुम्ही म्हणता, असे मृत्यू बोटांवर मोजण्याइतके आहेत. कुत्री चावून, रेबीज होऊन, घोड्यावरून पडून कितीतरी जास्त माणसे मरतात, मग अजगरालाच का धरता? आकड्यांपुरते तुम्ही बरोबर आहात. घरातल्या अजगराने माणूस मारणे ही फार क्वचित होणारी गोष्ट आहे आणि ती वरचेवर घडते असे कोणी भासवत असेल तर तो खोटे बोलतो. पण कुत्री कोट्यवधी घरांत आणि रस्त्यांवर आहेत, मोठे अजगर फार थोड्या घरांत. एकूण मृत्यूंची तुलना करून धोका मोजता येत नाही. दुसरे असे, की कुत्रा, घोडा, वाहन यांचा समाजाने कधीतरी एकत्र विचार केलेला आहे. लसी आहेत, परवाने आहेत, विमा आहे, आणि त्यांचा उपयोग त्या धोक्याच्या बदल्यात सगळ्यांना मिळतो. अजगराच्या बाबतीत आनंद एकट्या मालकाचा असतो. धोका मात्र पाळण्यातल्या मुलीचा, रात्री राहायला आलेल्या पाहुण्यांचा, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याचा. त्यांना कोणी विचारलेले नसते. स्वतःच्या जिवावर उदार होऊन कोणी गिर्यारोहण केले तर मी त्याला पत्र लिहिणार नाही.

आता घराच्या चार भिंतींबाहेर या, कारण खिट्टी चुकण्याचे सर्वांत मोठे उदाहरण तिथेच आहे. फ्लोरिडाच्या दक्षिणेला एव्हरग्लेड्सचा विस्तीर्ण पाणथळ प्रदेश आहे. त्यातले राष्ट्रीय उद्यान 1979 पासून जागतिक वारसा म्हणून गणले जाते. 1996 ते 2006 या काळात अमेरिकेत सुमारे 99,000 बर्मी अजगर आयात झाले, आणि ते आणले गेले पाळण्यासाठी. काही निसटले, काही लोकांनी वाढलेला प्राणी झेपेना म्हणून नेऊन सोडले. 2000 च्या सुमारास शास्त्रज्ञांनी मान्य केले की तिथे अजगरांची प्रजा स्वतःच्या बळावर वाढते आहे. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रात्री रस्त्यांवर दिसणाऱ्या प्राण्यांची मोजदाद होती. 1990 च्या दशकाशी तुलना करता रॅकून 99.3 टक्क्यांनी, ओपोसम 98.9 टक्क्यांनी आणि बॉबकॅट 87.5 टक्क्यांनी कमी दिसू लागले होते. पाणथळीतले ससे आणि कोल्हे तर दिसेनासेच झाले. 2000 पासून आजवर त्या राज्यातून 23,000 हून अधिक अजगर काढले गेले आहेत. पगारी शिकारी नेमले, स्पर्धा भरवल्या, नरांच्या अंगात रेडिओ यंत्र बसवून त्यांच्या मागावर माद्या शोधल्या. 2022 मध्ये जिची माहिती प्रसिद्ध झाली अशा एका मादीचे वजन 98 किलो भरले आणि तिच्या पोटात वाढत असलेली 122 अंडी निघाली. तरीही प्रजा संपलेली नाही, संपण्याचे चिन्हही नाही. तिथले संशोधक सांगतात की समोरच्या झुडपात अजगर असला तरी तो दिसण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी असते. बर्मी अजगरांबरोबर आलेला फुफ्फुसातला एक परजीवी आता तिथल्या मूळच्या सापांमध्ये पसरला आहे. सापांवर प्रेम करणाऱ्यांच्या छंदातून आलेला रोग आज दुसऱ्या सापांना मारतो आहे.

यावर तुमच्यापैकी काहींचे ठरलेले उत्तर असते, की दोष पाळणाऱ्यांचा नाही, 1992 च्या अँड्र्यू चक्रीवादळाचा आहे. त्या वादळात एव्हरग्लेड्सजवळचे अजगरांच्या पैदाशीचे केंद्र उद्ध्वस्त झाले हे खरे आहे. वादळात सुटलेले किती आणि माणसांनी सोडलेले किती, हा वाद तिथे अजून चालू आहे. मी म्हणते, सगळे वादळानेच सोडले असे क्षणभर धरू. मग जी कोंडण्याची सोय पंचवीस वर्षे टिकायला हवी ती वादळातही टिकायला हवी, एवढाच त्याचा अर्थ होतो. आपल्या राज्यात ही कल्पना करायला कष्ट पडत नाहीत. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. 2019 मध्ये सांगली-कोल्हापुरात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी चढले, 2021 मध्ये चिपळूण बुडाले. त्या रात्री माणसे जीव मुठीत धरून गच्चीवर बसली होती. तळमजल्यावरच्या काचेच्या पेटीकडे पाहायला कोण थांबले असते, आणि त्याने थांबावे असे कोणी तरी म्हणेल काय? अजगर उत्तम पोहतो.

आपल्याकडे हा धोका फ्लोरिडासारखा नसेल, पण एका बाबतीत तो अधिक खोल जाणारा आहे. फ्लोरिडात मुळात अजगर नव्हते. आपल्याकडे भारतीय अजगर आहे, सह्याद्रीपासून विदर्भापर्यंत, धरणांच्या काठांवर, उसाच्या फडांत. बर्मी अजगर त्याचा इतका जवळचा नातलग आहे की 2009 पर्यंत दोघांना एकाच जातीचे दोन प्रकार मानत. निसर्गात बर्मी अजगर भारताच्या ईशान्य भागात आणि त्याच्या पूर्वेला राहतो. या दोघांचा संकर होतो, आणि फ्लोरिडातल्या अजगरांच्या जनुकांत भारतीय अजगराच्या खुणा सापडल्या आहेत. महाराष्ट्रात एखादा बर्मी अजगर सुटला तर तो ससे आणि मुंगसे खाईलच, शिवाय इथल्या अजगरांत मिसळून त्यांची शुद्ध ओळखही पुसू लागेल. तो सुटला हे बहुधा कळणारही नाही. रात्री कोणाच्या कोंबड्यांच्या खुराड्यात अजगर निघाला की सर्पमित्र येतो, पकडतो, जंगलात सोडतो. कंदिलाच्या किंवा बॅटरीच्या उजेडात, पोत्यात घालताना, हा भारतीय की बर्मी हे नेमके ओळखणे सोपे नाही. म्हणजे तुमचा निसटलेला प्राणी प्रामाणिक हातांनीच रानात पोचवला जाईल. आणि अशा एखाद्या प्राण्याने उद्या मुलाला इजा केली तर गावकरी पाळीव आणि रानटी असा भेद करत बसणार नाहीत. सर्पमित्रांनी चाळीस-पन्नास वर्षे गावोगाव फिरून लोकांच्या हातातली काठी खाली ठेवायला लावली. ती पुन्हा उचलली जाईल, आणि तिचा मार बसेल कोणाचेच वाईट न केलेल्या आपल्या अजगराला.

भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला घरात ठेवणे हा गुन्हा आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच तुमची हौस परदेशी जातींकडे वळली. 2020 मध्ये केंद्र सरकारने अशा प्राण्यांची स्वेच्छेने माहिती देण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली आणि त्या मुदतीत माहिती देणाऱ्याकडे कागदपत्रे मागितली नाहीत. 2022 च्या दुरुस्तीने वन्य प्राण्या-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटिस करारातल्या जातींसाठी चौथी अनुसूची आणली, आणि 28 फेब्रुवारी 2024 च्या नियमांनी सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी बंधनकारक केली. माझी तक्रार अशी, की तुमच्या वर्तुळात या नोंदणीला परवानगीपत्राचे मोल आले आहे. नोंदणीने सरकारला कळते की प्राणी तुमच्याकडे आहे. तो तुमच्याकडेच राहील याची हमी त्या कागदात नसते. आणि तो कुठून आला हा प्रश्नही बाकीच राहतो. 2023 च्या डिसेंबरात मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पाकिटांत कोंबलेले बॉल पायथन सापडले. अशा बातम्या मुंबई-चेन्नईहून वरचेवर येतात. त्या पाकिटांतून जे जिवंत पोचतात त्यांना गिऱ्हाईक मिळते म्हणूनच पाकिटे भरली जातात.

बॉल पायथनचा विषय निघाला म्हणून सांगते. तो मीटर-दीड मीटरचा, लाजाळू साप आहे, माणसाच्या जिवाला त्याच्यापासून धोका नाही, आणि या पत्रातला मुख्य आरोप त्याला लागू होत नाही. त्याची व्यथा वेगळी आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो, बेनिन, घाना या देशांतून तो दशकानुदशके परदेशी बाजारासाठी उचलला गेला. पाळणाऱ्यांकडे बरेचदा तो प्लॅस्टिकच्या खणात, अंग सरळ ताणता येणार नाही एवढ्या जागेत आयुष्य काढतो. पण मोठ्या अजगराकडे जाण्याची पहिली पायरी अनेकांसाठी हाच असतो, एवढे तुम्हीही नाकारणार नाही.

तुमच्यातले काही जण म्हणतात की आम्ही शिक्षणाचे काम करतो, मुलांच्या मनातली भीती घालवतो. हेतूवर मला शंका नाही. परंतु गळ्यात अजगर घालून उभ्या असलेल्या माणसाचा व्हिडिओ पाहून मूल काय शिकते? साप हा अंगावर घ्यायचा असतो, एवढेच. बत्तीस शिराळ्याला नागपंचमीच्या दिवशी जिवंत नागांची मिरवणूक निघायची. गावकऱ्यांचीही श्रद्धा होती, त्यांनाही नाग हाताळायची पिढीजात सवय होती. न्यायालयाच्या आदेशाने ती मिरवणूक थांबली आणि गावाने, दुखावले जाऊनही, ते मानले. गारुड्यांची तर उपजीविकाच गेली. ज्यांच्याकडे परंपरा होती आणि पोटाचा प्रश्न होता त्यांना आपण थांबायला लावले. ज्यांच्याकडे फक्त हौस आहे त्यांना वेगळा न्याय कसा लावायचा? सापाची ओळख करून द्यायला कात्रजच्या सर्पोद्यानासारख्या जागा आहेत, शाळांत जाणारे सर्पमित्र आहेत, आणि पावसाळ्यात आपल्याच बांधावर निघणारी धामण आहे.

बंदी आणली तर काळा बाजार वाढेल, असेही तुम्ही म्हणता. थोडा वाढेलही. पण बंदीला उशीर केल्याने काय होते तेही पाहून घ्या. फ्लोरिडाने 2008 मध्ये परवाना आणि सापाच्या कातडीखाली ओळखचिप आणली, 2010 मध्ये पाळण्यासाठी नवे अजगर घेणे बंद केले, आणि अमेरिकेच्या केंद्र सरकारने बर्मी अजगराची आयात 2012 मध्ये थांबवली. प्रजा रुजल्याचे मान्य होऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती. ब्रिटनने 1976 मध्येच धोकादायक प्राण्यांसाठी कायदा केला, पण त्याच्या यादीत विषारी साप आले आणि मोठे अजगर राहून गेले. विष नाही म्हणजे धोका नाही, या समजुतीला तिथले कायदेही बळी पडले. आपल्या 2022 च्या दुरुस्तीने आक्रमक परक्या जातींना आवर घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिलेला आहे. तो मोठ्या अजगरांसाठी वेळेत वापरला जावा अशी मागणी सरकारकडे करायचीच आहे. परंतु ती मागणी तुमच्या तोंडून आली तर तिला जे वजन येईल ते माझ्यासारखीच्या पत्राला येणार नाही. तुम्ही या प्राण्यांना ओळखता.

म्हणून मागणे तुमच्याकडे आहे. ज्यांनी अजून घेतलेला नाही त्यांनी तीन मीटरच्या वर वाढणारा कोणताही अजगर घेऊ नये, पिल्लू कितीही गोजिरे दिसले तरी. ज्यांच्याकडे आहे त्यांनी त्याची पैदास थांबवावी, कारण प्रत्येक पिल्लाबरोबर आणखी एका घराला पंचवीस वर्षांची पहारेदारी लागते. आपली जात कायद्याच्या कोणत्या अनुसूचीत बसते हे विक्रेत्याला विचारू नका, वनखात्याला विचारा, आणि नोंदणी राहिली असेल तर लपवू नका. जिथे लहान मूल झोपते त्या घरात मोठा अजगर ठेवू नका, मग कुलूप कितीही भक्कम असो. एकट्याने पेटी उघडू नका. मुलांच्या, म्हाताऱ्यांच्या गळ्यात घालून चित्रफिती काढू नका, काढलेल्या काढून टाका. आणि झेपेनासे झाले तर रात्री गाडीत घालून तलावाकाठी नेऊन सोडू नका. ते सोडणे दयेचे वाटते, पण तो प्राणी एक तर उपासमारीने मरतो किंवा जगतो आणि मग एव्हरग्लेड्स होते. वनखात्याला फोन करा, चौकशी होईल, दंडही होईल कदाचित. तो सोसा. खात्यानेही आपण होऊन प्राणी सोपवणाऱ्याला चोरासारखे वागवू नये आणि तो ठेवायला धड जागा करावी. फ्लोरिडात ठरावीक दिवशी कोणताही प्रश्न न विचारता असे प्राणी स्वीकारले जातात, तशी सोय इथे झाली तर पुष्कळ जण पुढे येतील.

शेवटची विनंती ज्यांचा निर्णय अजून व्हायचा आहे त्यांना. आज घेतलेले पिल्लू 2050 च्या आसपासही जिवंत असू शकते. तेव्हा पेटीची किल्ली कोणाच्या हातात असेल, त्या माणसाचे नाव पैसे देण्याआधी एका कागदावर लिहा. लिहिण्याआधी त्याला विचारा, आणि त्याच्या घरात कोण कोण झोपते तेही विचारा.

आपली नम्र,
सापांविषयी आस्था असणारी एक नागरिक